हॉलमधलं बेडरूममध्ये

‘वायर आहेच भिंतीत, तुम्ही फक्त जोडून द्या.’ हे वाक्य कानावर पडलं की मी चहाला हो म्हणून टाकतो. काम दहा मिनिटांचं नाही हे मला कळलेलं असतं, गिऱ्हाइकाला कळायचं असतं. वाक्य तसं खोटं नसतं. वायर असतेच. ती कुठली आहे, कुणी कशासाठी घातली आणि ती शेवटी कुठे निघते, हे तिथे राहणाऱ्यांनाही माहीत नसतं. त्याच्याही पुढची गोष्ट म्हणजे तिच्यातून जे येतंय ते सगळंच्या सगळं आहे, की कुणीतरी आधी निवडून मग पुढे पाठवलेलं. घरातला दुसरा टीव्ही या एका मुद्द्यावर अडतो. माझी रोजीरोटीही बरीचशी त्याच्यावरच चालली.

औंधच्या आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा कोर्स करून मी मामांच्या दुकानात बसलो, ते टीव्ही दुरुस्त करायला. पिक्चर ट्यूब गेल्या, पातळ टीव्ही आले, दुरुस्ती म्हणजे पूर्ण पॅनेल किंवा पूर्ण बोर्ड बदलणं झालं, आणि मामांनी दुकान भाच्याच्या नावावर करून सुटका केली. माझी. कारण मला टीव्हीच्या पोटापेक्षा त्याच्या पाठीमागे काय येतं यातच जास्त गंमत वाटायची.

पुण्यात एके काळी गच्चीवरचे सगळे अँटेना एकाच दिशेला तोंड करून असत: नैऋत्येला, सिंहगडाकडे. दूरदर्शनचा मनोरा गडावर आहे. गल्लीत नवा माणूस राहायला आला तर त्याला दिशा विचारावी लागत नसे, शेजारच्या गच्चीकडे पाहिलं की झालं. त्या अँटेनापासून खाली यायची ती चपटी, दोन तारांची फीत, ३०० ओहमची. पुढे गोल को-अ‍ॅक्सियल केबल आली, ती ७५ ओहमची. दोघींचं जमवायला मध्ये बालून लावायचा. हा ओहमचा आकडा लोकांना पुस्तकी वाटतो, पण तो पडद्यावर डोळ्यांनी दिसायचा. हॉलमधल्या फितीला मधेच सोलून, पीळ देऊन, त्यातून बेडरूमला फाटा काढला की सिग्नलची लाट त्या फाट्याच्या टोकाला जाऊन आपटायची आणि माघारी यायची. मग चित्रातल्या माणसाला सावली. पण सावली-सावलीत फरक असतो. घरातल्या दहा मीटरच्या तुकड्यातून परतलेली लाट मूळ चित्राच्या जेमतेम मिलिमीटरभर उजवीकडे पडते, त्यामुळे नाक-डोळे नुसते फुगल्यासारखे, कडा दुहेरी दिसतात. टेकडीवर किंवा मोठ्या इमारतीवर आपटून आलेली सावली चांगली बोट-दोन बोटं लांब पडते. मामा जिना चढायच्या आधी दारातूनच टीव्हीकडे बघायचे आणि ठरवायचे, काम गच्चीत आहे की भिंतीत. तेव्हा मला ती जादू वाटायची. नंतर कळलं, तो नुसता गुणाकार आहे.

मग १९९१ साली आखाती युद्ध झालं, लोकांनी सीएनएन नावाचं काहीतरी पाहिलं, १९९२ मध्ये झी आलं, आणि गच्च्यांवरून, झाडांवरून, विजेच्या खांबांवरून केबलवाल्यांच्या काळ्या तारा धावू लागल्या. या काळाला मी आमच्या धंद्याचा सोपा काळ म्हणतो. केबलवाल्याच्या तारेत सगळं यायचं. साठ-सत्तर चॅनल एकाच वेळी, शेजारी शेजारी, आपापल्या फ्रिक्वेन्सीवर. निवड टीव्हीत व्हायची. त्यामुळे दुसऱ्या खोलीला टीव्ही जोडणं हे नळाला टी लावण्यासारखं होतं: पाणी तेच, प्रवाह थोडा कमी. टू-वे स्प्लिटर लावला की साडेतीन डेसिबल गेले, म्हणजे निम्म्याहून अधिक ताकद. फोर-वे लावला की सात. टीव्हीच्या तोंडाशी ६० ते ८० डेसिबल-मायक्रोव्होल्ट असले की चित्र बरं. तारेत जाणारं नुकसान फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतं, म्हणून सिग्नल कमी पडला की वरच्या आकड्यांवरचे चॅनल आधी जात. लोक फोनवर सांगायचे, ‘दादा, खालचे स्वच्छ आहेत, वर नुसत्या मुंग्या.’ यापेक्षा अचूक तक्रार मी आजवर ऐकलेली नाही. मीटर न लावताच कळायचं की कुठेतरी एक स्प्लिटर जास्तीचा आहे.

तो जास्तीचा स्प्लिटर कुठे आहे हे मात्र कुणी सांगायचं नाही. दुसऱ्या टीव्हीचे केबलवाला वेगळे पैसे मागायचा, त्यामुळे घरातला फाटा ही गुप्त गोष्ट असायची. माझ्याकडे काम यायचं ते दोन अटींवर: चित्र स्वच्छ हवं आणि वायर दिसता कामा नये. एका घरात माळ्यावरच्या पितळी भांड्यांच्या मागे, एकात देवघराच्या पाटामागे स्प्लिटर सापडलेत.

आणि चोरीचा फाटा कधी कधी उलटाही बोलायचा. एरंडवण्यात एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी बोलावलं. म्हणाले, रात्री जेवणानंतर एका चॅनलवर कुणाचं तरी लग्न लागतं. मला वाटलं, केबलवाल्याचा लोकल चॅनल असेल. पण नाही, ते लग्न तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाचंच होतं. त्यांनी हॉलमधल्या व्हीसीआरचा आरएफ आउटपुट त्याच केबलमध्ये घुसवला होता, आतल्या खोलीतही कॅसेट दिसावी म्हणून. कल्पना चांगलीच होती. फक्त स्प्लिटर जसा खाली वाटतो तसा वरही घेतो, हे जोडणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं. व्हीसीआरचं चित्र बेडरूमकडे गेलं, तसंच मागे जिन्यातल्या डब्यात गेलं आणि तिथून खालच्या घरात उतरलं. नव्या स्प्लिटरच्या दोन आउटपुटमध्ये वीसेक डेसिबलची आड असते, जिन्यातला डबा गंजला की ती उरत नाही. मी वर जाऊन घराच्या फाट्यांचं जोडकाम बाहेरच्या लाइनपासून वेगळं केलं. खालच्या काकू नंतर भेटल्या तेव्हा जरा हिरमुसल्या होत्या. सीमांतपूजनापर्यंतच बघून झालं होतं म्हणे.

पुण्यात सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला ३१ मार्च २०१३ ला. मुंबईत तो आदल्या वर्षीच झाला होता. तेव्हापासून ‘वायर आहेच’चा अर्थ बदलला. केबलच्या तारेत अजूनही सगळं येतं, पण कुलूप लावून. किल्ली बॉक्समध्ये. दुसऱ्या खोलीत नुसता टीव्ही लावून उपयोग नाही, दुसरा बॉक्स हवा, म्हणजे दुसरं भाडं. आणि बॉक्सच्या मागून जे बाहेर पडतं ते एकच: हॉलमध्ये ज्याच्या हातात रिमोट आहे त्याने जे लावलंय ते.

छत्रीचं तर त्याहून अवघड. गच्चीवरच्या डिश आग्नेयेकडे तोंड करून असतात, सिंहगडाकडे पाठ नाही पण नजरही नाही. डिशच्या पुढच्या एलएनबीतून जी तार खाली येते तिच्यात सगळं आकाश मावत नाही. खालचा बॉक्स तारेतूनच वर वीज पाठवतो: १३ व्होल्ट दिले की एलएनबी उभ्या ध्रुवणाचे चॅनल खाली सोडते, १८ दिले की आडव्या. युनिव्हर्सल एलएनबी असेल तर त्यावर २२ किलोहर्ट्झचा सूर चढवून खालचा पट्टा की वरचा, हेही सांगावं लागतं. म्हणजे एका वेळी पाव हिस्सा. साधा स्प्लिटर टाकून दोन बॉक्स जोडले तर एक १३ मागतो, दुसरा १८, आणि ज्याचे व्होल्ट जास्त त्याचं चालतं. दोन खोल्यांना खरोखर दोन निवडी द्यायच्या तर दोन तोंडांची एलएनबी लागते आणि गच्चीपासून दुसरी तार. डक्टमध्ये दुसऱ्या तारेला जागा नसते. सोसायटीचे सेक्रेटरी बाहेरून लटकवू देत नाहीत. याच व्होल्टमुळे एक तक्रार अशी येते की ‘अर्धे चॅनल गेले’. लांब तार, आत तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं लोखंड, मध्ये पावसात गंजलेला एक जोड. निघालेले १८ वर पोहोचेपर्यंत इतके उतरतात की एलएनबीला ते १३च वाटतात. लोक कंपनीला फोन करून पॅक तपासायला सांगतात.

कोथरूडच्या एका जोडप्याचं काम मी या एका तारेच्या, एका निवडीच्या भानगडीमुळेच विसरत नाही. आजोबा निवृत्त, कसोटी सामना पहिल्या चेंडूपासून बघणारे. आजींना संध्याकाळी मालिका. छत्री एक, बॉक्स एक, गच्चीतून तार एक. बेडरूममध्ये मुलाने दिलेला टीव्ही होता आणि हॉलपासून तिथपर्यंत जुनी आरजी-५९ भिंतीत होती, केबलच्या दिवसांतली. मी समजावून सांगितलं की ही तार जोडून देतो, पण बेडरूममध्ये तेच दिसेल जे हॉलमध्ये चालू असेल.

‘म्हणजे हे लावतील तेच मी बघायचं?’

‘हो आजी.’

‘मग त्याला वायर कशाला? ते बेचाळीस वर्षं बिनवायरीचं चाललंय.’

तरी जोडायचं ठरलं; निदान पडून बघता येईल म्हणून. बुधवारातल्या तपकीर गल्लीतून एक छोटा मॉड्युलेटर आणला. बॉक्सच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांतून चित्र आणि आवाज घ्यायचा, एका रिकाम्या टीव्ही चॅनलवर चढवायचा आणि जुन्या तारेत सोडायचा. या डब्यांना मागे एक इवलंसं बटण असतं, आवाजाच्या फ्रिक्वेन्सीचं. आपल्याकडे चित्र आणि आवाज यांत साडेपाच मेगाहर्ट्झचं अंतर, अमेरिकेत साडेचारचं. बटण चुकीच्या जागी असलं की चित्र झकास आणि आवाजाच्या जागी फसफस. कितीतरी मॉड्युलेटर केवळ त्या बटणापायी ‘खराब’ म्हणून परत गेलेले मी गल्लीत पाहिलेत.

पुढच्या आठवड्यात आजींचा फोन. चॅनल बदलायला दर वेळी हॉलमध्ये जावं लागतं, काहीतरी कर. म्हणून रिमोटचा एक्स्टेंडर लावून दिला: दोन लहानसे डबे, बेडरूममधला रिमोटचा अदृश्य प्रकाश पकडतो, रेडिओलहरींवर हॉलमध्ये पाठवतो, हॉलमधला तो पुन्हा बॉक्सवर टाकतो. यंत्र उत्तम चाललं. इतकं की त्या शनिवारी शेवटची जोडी खेळत असताना हॉलमध्ये कुणीही रिमोटला हात न लावता चॅनल बदललं आणि एक सासू पायऱ्या उतरून आली. आजोबांनी परत सामना लावला. परत सासू. बॉक्स बिघडला म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी बेडरूमच्या दारातून पाहिलं, तर आजी पलंगावर, रिमोट उशाशी, आणि चेहऱ्यावर काही नाही. ‘वायर जोडून दिलीस ते फार बरं झालं,’ एवढंच म्हणाल्या.

महिन्याभरात दोन तोंडांची एलएनबी बसली, दुसरा बॉक्स आला आणि डक्टमधल्या बंद पडलेल्या फोनच्या तारा काढून जागा केली. सेक्रेटरींची परवानगी आजोबा स्वतः घेऊन आले.

फोनच्या तारा काढल्या असं म्हणालो, पण त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं आहे. नव्वदच्या दशकातल्या बंगल्यांत प्रत्येक खोलीत फोनचा पॉइंट असायचा, हौसेने. आता फोन कुणाकडेच नाही, पॉइंट आहेत. सहकारनगरात एका घरात वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या बाईंना खालचा टीव्ही दाखवायचा होता, आणि नुकताच इटालियन संगमरवर आणि रंग झालेला. भिंतीला हात लावायचा नाही. तिथे फोनच्या पॉइंटमागे चांगल्या पिळाच्या दोन जोड्या निघाल्या. सीसीटीव्हीवाले वापरतात ते छोटे व्हिडिओ बालून एका जोडीच्या दोन्ही टोकांना लावले आणि चित्र वर गेलं. तारांना पीळ असणं महत्त्वाचं: दोन्ही तारा बाहेरचा गोंगाट सारखाच उचलतात आणि बालून तो एकमेकांतून वजा करतो. आवाज दुसऱ्या जोडीतून पाठवला तर त्यात ५० हर्ट्झची घूंऽऽ घरघर. खालच्या आणि वरच्या प्लगच्या आर्थिंगमध्ये फरक होता. आवाजाच्या लाइनमध्ये लहानसा ट्रान्सफॉर्मर टाकून दोन्ही टोकं एकमेकांपासून तोडली तेव्हा थांबली. चित्र काही आजच्या मापाचं नव्हतं. बाईंना कीर्तन बघायचं होतं, ते दिसत होतं.

खरा वेळ खातं ते तार शोधणं. एका टोकाला दोन्ही पदर एकमेकांना टेकवायचे आणि बाकी सगळ्या टोकांवर मल्टिमीटर लावत फिरायचं, कुठे पीऽप येतं बघायला. पीऽप आलं तर सोन्यासारखा दिवस. नाही आलं तर मधे कुठेतरी डबा आहे, आणि डब्यावर रंगाऱ्याने लांबी भरून वर दोन हात रंग मारलाय. मग भिंतीवर बोटाने टकटक करत पोकळ आवाज शोधायचा. घरमालक मागे उभा, त्याला वाटतं हा वेळ काढतोय. हल्ली पीओपीच्या छतात स्प्लिटर गाडून टाकतात, तो तर सापडतच नाही. पाइपमध्ये जुनी तार सैल असेल तर तिच्याच शेपटीला नवी बांधून ओढता येते. बांधणीवर टेप नीट गुंडाळायचा, टाल्कम पावडर चोळायची, एकाने ढकलायचं आणि दुसऱ्याने ओढायचं, आणि दोघांनी एकमेकांना शिव्या द्यायच्या नाहीत. शेवटचं सगळ्यात अवघड.

विजेच्या तारेतून सिग्नल पाठवणारे प्लगही वापरून पाहिले. छोट्या फ्लॅटमध्ये चालतात. तीन फेजच्या बंगल्यात खालचा मजला एका फेजवर, वरचा दुसऱ्यावर, वर इन्व्हर्टरचं वायरिंग निराळं; तिथे ते जीव सोडतात. आणि मिक्सर सुरू झाला की चित्राचे चौकोन. पुण्यात चटणी रोज वाटली जाते.

आता प्रश्नच तिसऱ्या प्रकारचा झालाय. फायबरची काडी दारातून येते, राउटर चपलांच्या कपाटावर बसतो, आणि तिसऱ्या भिंतीपलीकडच्या टीव्हीवर वायफाय गोल गोल फिरत राहतं. आरसीसीच्या भिंतीला आपण काय करणार. इथे मात्र ती जुनी को-अ‍ॅक्सियल कामाला येते. मोका नावाची पद्धत तिच्यावरून इंटरनेट पाठवते, ११२५ मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात, केबल टीव्हीच्या डोक्यावरून. अट एक: मधले जुने स्प्लिटर हजार मेगाहर्ट्झपर्यंतचेच असतात, ते काढायचे. अट दोन: त्याच तारेवर छत्री नको, कारण छत्रीचा सिग्नलही ९५० ते २१५० मध्येच उतरतो आणि दोघांचं भांडण होतं. डबे आपल्याकडे सहज मिळत नाहीत, गिऱ्हाइकाचा अमेरिकेतला मुलगा येताना घेऊन येतो. मी ज्या तारा केबलवाल्याची नजर चुकवून घातल्या, त्यांतल्या काही अशा पुन्हा जिवंत केल्यात.

आता तारेत सगळंही येत नाही आणि हॉलने निवडलेलंही येत नाही. जो टीव्ही जे मागेल तेवढंच त्याच्याकडे येतं. कोथरूडच्या आजींना हे आवडलं असतं. पण यातही कुरबुर निघतेच. सामन्याच्या दिवशी हॉलमध्ये छत्री आणि आतल्या खोलीत अ‍ॅप असलं की हॉलमध्ये ‘आउट!’ ओरडतात तेव्हा आतल्या टीव्हीवर बोलर अजून रन-अपला वळलेला असतो. अ‍ॅपचं चित्र कधी कधी अर्ध्या मिनिटापर्यंत मागे असतं. यावर मला बोलावतात, सिग्नल वाढवून द्या म्हणतात. सिग्नल भरपूर आहे, तो वाटेत साठवून साठवून येतोय, हे सांगून पटत नाही. एका घरात मी उपाय म्हणून दोन्ही टीव्ही अ‍ॅपवर टाकून दिले. आता दोघंही उशिरा ओरडतात, शेजारच्यांच्या नंतर.

सध्या बाणेरला एका नव्या फ्लॅटचं काम चालू आहे. इंटिरियरवाल्या ताई म्हणतात, सगळं वायरलेस आहे, टीव्हीच्या मागे पाइप कशाला? मी एक इंचाचा मागितला होता. भिंतीच्या झिऱ्या आधीच मारून झाल्यात म्हणून पाऊण इंचावर तोड निघाली. त्यातून दोन कॅट-सिक्स आणि एक आरजी-सिक्स जाते. ओढताना घाम निघतो, पण जाते.